भीति कोणाची आणि कोणासाठीं?

वर्धा शहराला लागून असलेलें सावंगी (मेघे) हें गांव आज तेथील वैद्यकीय महाविद्यालयामुळें सर्वपरिचित आहे. हें महाविद्यालय 1990 सालीं सुरू झालें. तेथील रुग्णालयास आचार्य विनोबा भावे यांचें नांव आहे. अशा ठिकाणीं रुग्ण आपलें दुखणें मराठींत सांगतो आणि वैद्यकाचें शास्त्र इंग्रजींत असतें. ‘मला शस्त्रक्रियेची भीति वाटते’ हें साधें वाक्य इंग्रजींत नेतांना ‘अफ्रेड’ या शब्दापुढें ‘ऑफ’ ठेवावें कीं ‘फ्रॉम’, येथें विद्यार्थी क्षणभर अडखळतो.

हा अडखळा आजचा नव्हे. 1836 सालीं दादोबा पांडुरंग यांचें मराठी व्याकरण छापून निघालें. 1847 सालीं मोल्सवर्थ व कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश आला. 1857 सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें. पुढें तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेनें घरोघर इंग्रजी शिकविलें. पिढ्यान्‌पिढ्या मुलांनीं पाठ केलें कीं, ‘अँग्री’नंतर माणसापूर्वीं ‘विथ’ आणि गोष्टीपूर्वीं ‘ॲट’, ‘प्राउड’, ‘अशेम्ड’, ‘जेलस’ व ‘फाँड’ यांना ‘ऑफ’, ‘प्लीज्ड’ला ‘विथ’. कारण विचारलें तर ‘रूढि’ एवढेंच उत्तर मिळे. तें खोटें नाहीं. परंतु रूढीलाहि इतिहास असतो.

भावनेला कोणती विभक्ति लावावी, याचा विचार आपल्याकडे पाणिनीनें फार पूर्वीं केला. भय ज्यापासून उपजतें तें अपादान, म्हणून त्याची पंचमी. राग ज्याच्याविषयीं येतो तो संप्रदान, म्हणून त्याची चतुर्थी. आणि ज्याला एखादी वस्तु रुचते त्याचीहि चतुर्थीच. यांपैकीं शेवटचा नियम ‘मला आंबा आवडतो’ या वाक्यांत आजहि नांदतो आहे. रागाची चतुर्थी मात्र सुटली व तेथें ‘वर’ आलें. भयाची पंचमी ‘चोरांपासून भय’ अशा बोलण्यापुरती उरली. एरवीं आपण ‘वाघाला भितों’ किंवा आपल्याला ‘वाघाची भीति’ वाटते.

आतां इंग्रजीकडे पाहूं. तेथील ‘ऑफ’चा जुना अर्थ ‘पासून, दूर’ असा होता. संस्कृतांतील ‘अप’ हा त्याचाच सगोत्र; ‘अपादान’ शब्दाच्या आरंभीं जो ‘अप’ आहे तोच. 1066 नंतर नॉर्मन राज्य आलें आणि फ्रेंचच्या सहवासानें ‘ऑफ’चा षष्ठीसारखा उपयोग वाढत गेला. ‘अफ्रेड’ हें मूळचें नॉर्मन फ्रेंच क्रियापदावरून आलेलें धातुसाधित. त्याचा अर्थ ‘भेडसावलेला’. तसेंच ‘विथ’चा जुना अर्थ ‘विरुद्ध’. ‘विथस्टँड’ या शब्दांत तो टिकून आहे. तेव्हां ‘अँग्री विथ’ म्हणतांना रागावलेला मनुष्य दुसऱ्याच्या सोबत नव्हे, समोर उभा असतो. म्हणून ‘फ्रॉम’ लिहिणारा विद्यार्थी आजच्या प्रयोगाप्रमाणें चुकतो. परंतु त्याची बुद्धि मंद आहे असा निष्कर्ष काढणें अन्यायाचें होय.

याच वर्ध्यांत 22 व 23 ऑक्टोबर 1937 रोजीं गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचें मोफत व सक्तीचें शिक्षण मातृभाषेंतून द्यावें, असें तिनें ठरविलें. तिचा रोख इंग्रजीच्या द्वेषावर नव्हता. मनांतला अर्थ आधीं स्वभाषेंत नीट उमगावा, ही तींतील मोलाची गोष्ट आहे.

तिचें महत्त्व एका उदाहरणानें पटेल. रुग्णाची आई म्हणते, ‘मला मुलाची भीति वाटते.’ मुलगा आजारी असून त्याचें कसें होईल, ही तिची चिंता असेल, तर इंग्रजींत ‘अफ्रेड फॉर’ म्हटलें पाहिजे. मुलगा ज्वराच्या भरांत अंगावर धांवून येतो म्हणून ती भ्यालेली असेल, तर ‘अफ्रेड ऑफ’. मराठीची एकच ‘ची’ दोन्ही अर्थ पोटांत घेते. इंग्रजी त्यांतला एक निवडण्यास भाग पाडते. अव्यय चुकलें तर मुलाची काळजी करणारी आई कागदावर मुलाला भिणारी ठरते. येथें नियम पाठ असून भागत नाहीं. लिहिणाऱ्यानें लेखणी क्षणभर थांबवून त्या माउलीला तिच्याच भाषेंत विचारावें, ‘आई, भीति कशाची वाटते?’