तळटीप : ‘आजोबांची विलायती दुनळी’

१. बाराबोर दुनळी. नागपूरकडच्या रानांत तितर-लाव्याच्या शिकारीला हीच असे. सहसा उजवी नळी मोकळी, तर डावीचे तोंड आवळलेले. यालाच चोक म्हणतात. पूर्ण चोक असेल तर ४० यार्डांवर ३० इंची वर्तुळात सुमारे ७० टक्के छर्रे बसतात. नळीखालचा ‘नॉट फॉर बॉल’ हा छाप म्हणजे अखंड गोळी झाडू नये, ही ताकीद. इंग्लंडच्या चाचणीगृहांत तो १८७५ ते १८८७ या काळात उठवत, त्यामुळे बंदुकीचे वय कळायला तो फार मोलाचा. असे छाप कुणी घासून पुसू नयेत. तोंड कापून नळी आखूड केली की चोक जातो, संग्राहकाच्या लेखी किंमतही उतरते. १९७२च्या वन्यजीव कायद्यातील १९९१च्या दुरुस्तीने तितर-लाव्याची शिकार बंद झाली.