चित्र आणि त्याची ओळ

खडकवासल्याच्या जलाशयाला इंग्रजी अमदानीत 'लेक फाइफ' म्हणत. हे नाव कर्नल फाइफ या अभियंत्यावरून पडलं. त्या काळच्या फोटोखाली नुसतं 'लेक फाइफ' लिहिलेलं असलं, तर आज धरणावर कणीस खायला जाणाऱ्या पुणेकराला ते आपलंच पाणी आहे हे उमगायचं नाही. आणि तेवढंही लिहिलेलं नसलं, तर ते पाणी कुठलंही ठरेल.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं मातीचं धरण फुटलं. त्या लोंढ्यानं खालचं दगडी खडकवासला धरणही फोडलं आणि पुण्यात पाणी शिरलं. खिंडार पडलेल्या धरणाचा फोटो समोर आला, तर तो यांतल्या कोणत्या धरणाचा? माती आणि दगड यांवरून जाणकार ओळखेल. इतरांना फोटोखालची ओळच सांगणार.

छापखान्यात ही ओळ सांभाळली जाई. फोटोचा ब्लॉक आणि ओळीचे खिळे कंपोझिटर एकाच लोखंडी चौकटीत घट्ट आवळी. घरच्या अल्बममध्ये फोटोच्या पाठीवर पेन्सिलीनं गाव आणि साल लिहिलेलं असे. फोटो संगणकावर घेताना मात्र आपण पुढची बाजू तेवढी स्कॅन करतो. पाठ तशीच राहून जाते.

इंटरनेटच्या पानांचं असंच झालं. ही पानं एचटीएमएल नावाच्या खुणांच्या भाषेत लिहितात. इथं शीर्षक, इथं परिच्छेद, इथं चित्र, हे त्या खुणा संगणकाला सांगतात. चित्रासाठीची खूण १९९३ साली मार्क अँड्रीसन यांनी सुचवली. ओळीसाठी वेगळी खूण नव्हती. १९९५च्या एका मसुद्यात चित्र आणि त्याची ओळ एकत्र ठेवण्याची सोय होती, पण १९९७ साली मान्य झालेल्या आवृत्तीत ती आली नाही. मग लोक चित्राखाली साधा परिच्छेद लिहीत. डोळ्यांना ती ओळ चित्राचीच वाटे. संगणकाच्या लेखी मात्र तो शेजारचा एक परका परिच्छेद असे.

ही उणीव एचटीएमएलच्या पाचव्या आवृत्तीनं भरून काढली. तिला २८ ऑक्टोबर २०१४ रोजी अधिकृत मान्यता मिळाली. तिच्यात 'फिगर' ही चौकटीची खूण आहे आणि तिच्या आत ओळीसाठी 'फिगकॅप्शन'. ओळ चौकटीत सर्वांत वर लिहा नाहीतर सर्वांत खाली, पण एका चौकटीला ओळ एकच. चित्रं मात्र दोन चालतात. पुरापूर्वीचं आणि पुरानंतरचं खडकवासला एकाच ओळीखाली शेजारी शेजारी ठेवता येईल. चौकटीत फोटोच हवा असंही नाही, नकाशा किंवा तक्ताही चालतो.

चित्राच्या खुणेत 'आल्ट' नावाचा आणखी एक मजकूर असतो. ज्याला चित्र दिसत नाही त्याला पडद्यावरचं वाचून दाखवणारं यंत्र तो ऐकवतं. आल्टमध्ये जे दिसतं ते लिहावं: 'दगडी भिंतीला पडलेलं खिंडार, त्यातून वाहणारं पाणी.' ओळीत जे दिसत नाही ते लिहावं: 'खडकवासला धरण, जुलै १९६१.' अनेकजण दोन्हीकडे एकच मजकूर चिकटवतात. मग ऐकणाऱ्याच्या कानावर तेच दोनदा पडतं आणि नवं काहीच हाती लागत नाही. रेडिओवर बोलणाऱ्याला हा फरक लवकर पटतो, कारण त्याच्या श्रोत्याला चित्र दिसतच नसतं.

कुणी चित्र तेवढंच उचलून दुसरीकडे नेलं, तर ही चौकट त्याला अडवू शकत नाही. पण मूळ पानावर ते कशाचं आहे हे माणसाला आणि यंत्रालाही कळत राहतं.

तो पूर ज्यांनी जाणतेपणी पाहिला ती माणसं आता थकली आहेत. फोटोतला वाडा कोणाचा आणि पूल कोणता, हे सांगणारी ती शेवटची पिढी. त्यांच्या पेटीतले फोटो नातवंडं स्कॅन करतील तेव्हा त्यांनी आधी आजी-आजोबांना विचारावं, फोटोची पाठही वाचावी, आणि ती ओळ चित्राच्याच चौकटीत लिहावी.