दूरचित्रवाणी : वेळ कोणाची, निवड कोणाची?

वाचकहो, १९८७ साल आठवा. ज्यांना ते आठवण्याजोगे वय नाही, त्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. त्या वर्षी २५ जानेवारीला दूरदर्शनवर ‘रामायण’ मालिका सुरू झाली आणि रविवारची सकाळ तिच्या नावावर लिहिली गेली. मी तेव्हा शाळकरी पोर होतो. आमच्या आळीत एकच संच होता, तो गुरुजींच्या ओसरीवर. दहा-पंधरा घरांतली माणसे तिथे दाटीवाटीने बसत. कथा रंगात आली, की नेमकी वीज जाई. अर्ध्या तासाने परत येई, तोवर भाग संपलेला असे. पोरे हिरमुसली होत. गुरुजी म्हणत, “गेला तो गेला. आता पुढच्या रविवारी या.”

टेलिव्हिजनचा इतिहास सांगताना बहुधा शोधकांची आणि उपग्रहांची नावे सांगतात. आज मी तो ओसरीवर बसलेल्या प्रेक्षकाच्या बाजूने सांगणार आहे. प्रेक्षकाची गाऱ्हाणी पहिल्यापासून दोनच. कार्यक्रम माझ्या वेळेला लागत नाही, हे पहिले. मला हवे तेवढेच घेता येत नाही, नको तेही गळ्यात बांधतात, हे दुसरे. पहिल्यावर उतारा म्हणून रेकॉर्डर आला. दुसऱ्यावर उतारा म्हणून आपापल्या आवडीने वाहिन्या निवडण्याची पद्धत आली. या दोन्ही उताऱ्यांचे पुढे काय झाले, तेच आज पाहू.

वेळेचे गाऱ्हाणे आधी अमेरिकेत उठले, कारण टेलिव्हिजन तिथे आपल्या कितीतरी आधी घरोघर पोचला. तो देश आडवा एवढा पसरलेला, की न्यूयॉर्कला संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा पश्चिम किनाऱ्यावर लॉस एंजेलिसला चारच वाजलेले असतात. पूर्वेकडे रात्रीच्या जेवणाच्या वेळी लागणाऱ्या बातम्या पश्चिमेकडे भर दुपारी कोण बघणार? म्हणून पडद्यावरचे चित्र फिल्मवर उतरवायचे, ती फिल्म घाईघाईने धुवायची आणि तीन तासांनी दाखवायची, असा खटाटोप चाले. चित्रही अंधूक दिसे. १९५६ साली अँपेक्स नावाच्या कंपनीने चुंबकीय फितीवर चित्र आणि आवाज टिपणारे यंत्र आणले आणि त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला सीबीएस या संस्थेने बातम्या त्यावर टिपून पश्चिमेला उशिराने दाखविल्या. यंत्राची किंमत सुमारे ५० हजार डॉलर! म्हणजे वेळ हातात आली खरी, पण ती स्टेशनच्या हातात. प्रेक्षक होता तिथेच राहिला.

प्रेक्षकाच्या हाती ती आली १९७५ साली. जपानच्या सोनी कंपनीने घरात ठेवण्याजोगा बीटामॅक्स रेकॉर्डर काढला. पुढच्याच वर्षी जेव्हीसी कंपनीचा व्हीएचएस आला. आता माणूस कामावरून घरी आला, जेवला, की दुपारचा कार्यक्रम रात्री बघू लागला. चित्रपट कंपन्यांना हे रुचले नाही. युनिव्हर्सल आणि डिस्ने या दोघींनी १९७६ साली सोनीवर दावा लावला. त्यांचे म्हणणे असे, की परवानगीवाचून आमचा चित्रपट टिपून ठेवणे ही नक्कल झाली आणि त्यासाठी लागणारे यंत्र विकणारा त्या गुन्ह्याचा भागीदार.

दावा आठ वर्षे चालला. खालच्या कोर्टात सोनी जिंकली, वरच्या कोर्टात हरली. या दाव्यातली एक साक्ष शिक्षकबंधूंनी ध्यानात ठेवावी. लहान मुलांचा कार्यक्रम करणारे फ्रेड रॉजर्स नावाचे गृहस्थ कोर्टात आले. कंपन्यांसारखे तेही स्वतः कार्यक्रम करणारेच. पण त्यांनी सांगितले, की आईबापांनी माझा कार्यक्रम टिपून ठेवला आणि मुलांबरोबर सवडीने पाहिला, तर मला आनंदच आहे. १७ जानेवारी १९८४ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला : नंतर बघण्यासाठी घरात टिपून ठेवणे ही चोरी नव्हे. निकालपत्रात रॉजर्स यांच्या साक्षीचा उल्लेख आहे. एक मत इकडचे तिकडे झाले असते, तर या यंत्राची गोष्ट तिथेच थांबली असती.

पुढची पायरी ट्यूनरची. हा शब्द ऐकून बिचकू नका. आपल्या रेडिओचा काटा फिरवून आपण सांगली लावतो, नाहीतर जळगाव लावतो. हे स्टेशन पकडण्याचे काम करणारा जो भाग, तो ट्यूनर. एक ट्यूनर एका वेळी एकच स्टेशन पकडतो. त्यामुळे रेकॉर्डर एका वाहिनीवर लावून ठेवला, की त्याच पेटीतून दुसरी वाहिनी बघता येत नाही. १९९९ साली अमेरिकेत टिव्हो नावाचा रेकॉर्डर आला. त्यात फितीच्या जागी संगणकातली असते तशी तबकडी होती. मालिकेचे नाव एकदा सांगून ठेवले, की तो तिचा प्रत्येक भाग आपसूक टिपी. चालू कार्यक्रम मध्येच थांबवून, फोन घेऊन, पुन्हा तिथूनच पुढे बघता येई. मात्र ट्यूनर एकच. लवकरच दोन ट्यूनरच्या पेट्या आल्या आणि २०१३ पर्यंत सहा ट्यूनरच्या. घरात सहा माणसांच्या सहा आवडी असल्या, तरी भांडायचे कारण उरले नाही!

आपल्याकडे व्हीसीआर आला तो मुख्यतः भाड्याने, रात्रभरात तीन चित्रपट बघायला. रेकॉर्डरची सोय डिशच्या ग्राहकांना २००८ साली टाटा स्कायने दिली. एक वाहिनी बघा आणि दुसरी टिपा, अशी. पण ती पेटी महाग. खेड्यात ती फारशी पोचलीच नाही.

आता दुसरे गाऱ्हाणे, निवडीचे. केबलची सुरुवात १९४८ च्या सुमारास अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियासारख्या डोंगराळ मुलखात झाली. दरीतल्या गावात चित्र दिसेना, म्हणून कोणीतरी टेकडीवर उंच एरियल उभारले आणि तिथून घरोघर तार ओढली. त्या तारेतून दोन-तीन स्टेशने येत. त्यांत निवडायचे काय? सगळ्यांना सगळे, आणि सगळ्यांना एकच दर. पुढे वाहिन्या डझनावारी वाढल्या, तरी व्यवहार तोच राहिला. मालक केबलवाल्याला म्हणू लागला, माझी खेळांची वाहिनी हवी ना? मग या बाकीच्या चारही घ्या.

आठवड्याच्या बाजारात हे आपण रोखठोक अनुभवतो. वांगी हवी असतात, पण बाई वाटा लावून बसलेली असते आणि वाट्यात दोन किडकी भेंडीही असते. सुटे मागितले, की भाव चढतो. समजा, एका मालकाच्या दहा वाहिन्या आहेत. तुम्हाला दोनच हव्या. सुट्या घेतल्या तर प्रत्येकी १५, म्हणजे ३० रुपये. आणि दहाचा वाटा ३५ ला. तुम्ही काय घ्याल? वाटाच. शिवाय आपण स्वस्तात घेतले, असे समाधानही मानाल. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वाट्यामुळे थोडक्या प्रेक्षकांच्या लहान वाहिन्या जगतात. केवळ सुटी विक्री असती, तर त्यांतल्या काही केव्हाच बंद पडल्या असत्या. तेव्हा वाटा म्हणजे निव्वळ लबाडी, असे मी म्हणणार नाही. पण सुट्याचा भाव मुद्दाम चढा ठेवला, तर निवड फक्त कागदावर राहते.

कॅनडाचा अनुभव याच गोष्टीचा. तिथल्या नियामक मंडळाने कंपन्यांना हुकूम केला, की १ मार्च २०१६ पासून २५ डॉलरच्या आत एक लहान मूळ संच द्या आणि त्याच वर्षाच्या १ डिसेंबरपासून वाहिन्या सुट्या किंवा लहान गटांनी विका. हुकूम पाळला गेला. मात्र सुट्यांचे दर असे निघाले, की जुना गठ्ठाच बरा, अशी ओरड झाली.

आता आपल्या घरी येऊ. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून आलेल्या खटल्यात एक मोठे तत्त्व सांगितले : ज्या लहरींवरून प्रक्षेपण होते, त्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. विहीर गावाची आहे, असेच म्हणा ना! त्याच वर्षी केबलचा कायदा झाला. पुढे कायदा दुरुस्त होऊन ३१ डिसेंबर २००६ पासून मुंबई, दिल्ली, कोलकाता या शहरांच्या काही भागांत सेटटॉप बॉक्स सक्तीचा झाला आणि सशुल्क वाहिनी ५ रुपयांना सुटी मिळू लागली. पण ती मोजक्या वस्त्यांपुरती गोष्ट होती.

सगळ्या देशासाठी पाऊल पडले ते १ फेब्रुवारी २०१९ ला. दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा, म्हणजे ट्रायचा, नवा नियम त्या दिवशी लागू झाला. १०० वाहिन्यांपर्यंत १३० रुपये आणि वर कर. त्यापलीकडे ज्या सशुल्क वाहिन्या हव्या, त्यांची छापील किंमत. प्रत्येक वाहिनीला सुटी किंमत जाहीर करणे भाग पडले. त्या दिवसांत गावोगावी केबलवाला वही घेऊन दारोदार फिरत होता, ते तुम्हाला आठवत असेल. आमच्या मातोश्रींनीही चष्मा लावून यादी वाचली. त्यांना चारच वाहिन्या हव्या होत्या. हिशेब केला आणि शेवटी वाटाच घेतला!

असे का झाले? मूळ नियमात अशी अट होती, की वाट्यावर सुट्या किमतींच्या १५ टक्क्यांहून अधिक सूट देऊ नये. ती अट न्यायालयात टिकली नाही. मग वाट्यांवर भरमसाट सूट मिळू लागली आणि सुटी निवड महाग ठरली. ट्रायने २०२० साली आणि पुन्हा २०२२ साली नियम बदलले. दुसऱ्या खेपेस सुटीची मर्यादा ४५ टक्के ठरली. जुलै २०२४ मध्ये तर १३० रुपयांची मर्यादाही काढली आणि तो दर कंपन्यांवर सोपविला. म्हणजे पाच-सहा वर्षांत नियम इकडून तिकडे आणि तिकडून इकडे गेला. निवड देणे सोपे नसते, एवढे मात्र यावरून दिसले.

मग पुढे काय? वारे कुठे वाहते ते दिसतेच आहे. घरातली रेकॉर्डरची पेटी मागे पडते आहे. २००८ साली अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयाने केबल कंपनीला ग्राहकाचे टिपण आपल्याच केंद्रात ठेवायला मोकळीक दिली. पेटी घरातून कंपनीकडे जायला तिथून वाट मिळाली. इंटरनेटवरून हवे तेव्हा बघण्याची सोय आली आणि २०२५ साली टिव्होने आपले रेकॉर्डर विकणेच थांबविले. आता ट्यूनर किती, हा प्रश्नच उरत नाही, असे लोक म्हणतात. कबूल. पण एक फरक ध्यानात घ्या. फितीवर टिपलेला कार्यक्रम तुमच्या कपाटात असे. इंटरनेटवरचा कार्यक्रम दुसऱ्याच्या कोठारात असतो. वर्गणी थकली, की कोठाराला कुलूप. मालकाने कार्यक्रम काढून टाकला, तर वर्गणी भरूनही तो मिळत नाही. आणि वाटेही परत आले आहेत : मोबाइलच्या रिचार्जबरोबर चार ॲप फुकट, म्हणजे त्यांची किंमत रिचार्जमध्येच!

हे सगळे करमणुकीपुरते असते, तर मी तुमचा एवढा वेळ घेतला नसता. २०२० साली शाळा बंद होत्या, तेव्हाचे आठवा. सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागे. केंद्र सरकारनेही इयत्तागणिक एक वाहिनी, अशा १२ वाहिन्या योजिल्या. कल्पना चांगली. पण एका घरात दुसरी, पाचवी आणि आठवी, अशी तीन भावंडे आणि संच एक. एकाचा पाठ चालू झाला, की दुसऱ्याचा गेला. आणि वीज गेली, की तिघांचाही गेला. ज्या घरात रेकॉर्डर हवा होता, त्या घरात तो नव्हता.

म्हणून गुरुजनहो, ग्रामस्थहो, पुढे कोणतीही नवी पेटी किंवा योजना दारात आली, तर तीन गोष्टी विचारून घ्या. माझ्या वाहिन्या सुट्या घेतल्या तर एकूण किती आणि वाटा घेतला तर किती? मी टिपून ठेवलेले पैसे थांबल्यावरही माझ्याकडे राहील का? आणि यातले फुकट किती मिळते? दूरदर्शनच्या फ्री डिशला एकदा पेटी-छत्री घेतली, की महिन्याची वर्गणी नसते, आणि त्या पेट्यांपैकी काहींना पेनड्राइव्ह लावून कार्यक्रम टिपताही येतो. शाळेने अशी एक पेटी घेऊन पाठ टिपून ठेवले, तर गावाची किती मुले ते सवडीने बघतील!

त्या ओसरीवर आमचा भाग बुडाला, तेव्हा गुरुजींच्या हातात काहीच नव्हते. आजच्या गुरुजींची गोष्ट तशी नाही. पोरांचा पाठ बुडाला, तर “गेला तो गेला” म्हणायची पाळी त्यांच्यावर येऊ नये.