ग्राहकमताचा एक आरंभीचा अध्याय : पेंटियम भागाकार-दोष प्रकरण (१९९४) – एक ऐतिहासिक अवलोकन

गोषवारा

इ. स. १९९४ च्या अखेरच्या महिन्यांत इंटेल कंपनीच्या पेंटियम या मायक्रोप्रोसेसरमधील भागाकाराच्या दोषावरून अमेरिकेत मोठा वाद उद्भवला. संगणकांच्या जाळ्यावर व्यक्त झालेल्या ग्राहकमताने एका बलाढ्य उत्पादकास आपले धोरण बदलावयास लावल्याचे हे एक आरंभीचे उदाहरण होय. प्रस्तुत लेखात या प्रकरणाचा घटनाक्रम, त्यात व्यक्त झालेल्या मतांचे स्वरूप आणि त्यांच्या मर्यादा यांचा परामर्श घेतला आहे. या मतांचे सामर्थ्य त्यांच्या तीव्रतेत नसून पडताळणीयोग्यतेत होते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

प्रस्तावना

नवे उपकरण बाजारात येताच त्याविषयी सहस्रावधी मते व्यक्त होणे ही गोष्ट आज नित्याची झाली आहे. उपकरण हातात येण्यापूर्वीच त्याची स्तुती वा निंदा करणारे दोन पक्ष निर्माण होतात. या प्रतिक्रियांकडे अभ्यासक बहुधा करमणुकीचा किंवा जाहिरातशास्त्राचा विषय म्हणून पाहतात. तथापि या प्रथेलाही इतिहास आहे. हे उपकरण आपल्याला पुरेसे आहे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, उत्पादकाचा की ग्राहकाचा, हा गंभीर प्रश्न त्या इतिहासाच्या मुळाशी आहे. पेंटियम प्रकरणात हा प्रश्न अत्यंत स्पष्टपणे पुढे आला. शिवाय या प्रकरणाचा आरंभ एका महाविद्यालयीन प्राध्यापकाच्या संशोधनातून झाला असल्याने अध्यापकवर्गाच्या दृष्टीने त्यास विशेष महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

इंटेलने पेंटियम मायक्रोप्रोसेसर मार्च १९९३ मध्ये बाजारात आणला. सुमारे ३१ लक्ष ट्रान्झिस्टर सामावणाऱ्या या चिपच्या विकासकार्याचे नेतृत्व करणाऱ्यांमध्ये पुण्यात जन्मलेले अभियंते विनोद धाम हे प्रमुख होते. तत्पूर्वीच्या चिप ३८६, ४८६ अशा केवळ क्रमांकांनी ओळखल्या जात. मात्र क्रमांकावर व्यापारचिन्हाचा हक्क सांगता येत नसल्याने कंपनीने या पाचव्या पिढीसाठी ग्रीक भाषेतील ‘पाच’ या अर्थाच्या शब्दावरून नवे नाव घडविले.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे १९९१ पासून कंपनीने ‘इंटेल इनसाइड’ ही जाहिरात-मोहीम चालविली होती. मायक्रोप्रोसेसर हा वस्तुतः संगणकाच्या अंतर्भागातील एक सुटा भाग. त्याचा खरेदीदार संगणक बनविणारा कारखानदार असे, अंतिम ग्राहक नव्हे. या मोहिमेमुळे मात्र सामान्य ग्राहकाला आपल्या संगणकातील चिपचे नाव ठाऊक झाले. ज्या उत्पादकाने ग्राहकाशी थेट नाते जोडले, त्याच्याकडेच ग्राहकाची तक्रारही थेट येणार, हे ओघानेच आले. कंपनीचे तत्कालीन प्रमुख अँडी ग्रोव्ह यांनीही १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात या प्रकरणाची मीमांसा करताना ही बाब मान्य केली आहे.

दोषाचा शोध आणि त्याचे स्वरूप

व्हर्जिनिया राज्यातील लिंचबर्ग महाविद्यालयात गणिताचे अध्यापन करणारे प्रा. थॉमस नाइसली हे जोडमूळ संख्यांवर संशोधन करीत होते. ज्या दोन मूळ संख्यांमध्ये दोनचे अंतर असते (उदा. ११ व १३), त्यांना जोडमूळ संख्या म्हणतात. अशा सर्व संख्यांच्या गुणाकार-व्यस्तांची बेरीज एका मर्यादित मूल्याकडे जाते, हे नॉर्वेचे गणिती व्हिगो ब्रून यांनी १९१९ मध्ये सिद्ध केले होते. त्या मूल्याची अधिकाधिक अचूक गणना करण्यासाठी नाइसली अनेक संगणक वापरीत. १९९४ च्या जूनमध्ये त्यांना उत्तरांत विसंगती आढळली. प्रथम त्यांनी स्वतःच्या आज्ञावलीवर, नंतर अनुवादक प्रणालीवर आणि संगणकाच्या इतर भागांवर संशय घेतला. एकेक शक्यता निकालात काढण्यात सुमारे चार महिने गेल्यानंतर, ऑक्टोबरमध्ये, दोष पेंटियम चिपमध्येच असल्याची त्यांची खात्री झाली. ८२४६३३७०२४४१ या संख्येला तिच्याच गुणाकार-व्यस्ताने गुणले असता उत्तर १ यावयास हवे. पेंटियमवर ते सुमारे ०.९९९९९९९९६ येत होते.

या दोषाचे कारण भागाकाराच्या पद्धतीत होते. हाताने भागाकार करताना भाजक किती वेळा जाईल, याचा प्रत्येक पायरीस अंदाज बांधावा लागतो. पेंटियममध्ये हा अंदाज चिपवर कोरलेल्या एका कोष्टकातून घेतला जाई. इंटेलने दिलेल्या स्पष्टीकरणानुसार या कोष्टकातील आवश्यक १०६६ नोंदींपैकी पाच नोंदी गळाल्या होत्या. त्यामुळे काही विशिष्ट संख्यांच्या बाबतीत अंदाज चुकत असे आणि ती चूक अंतिम उत्तरात उतरत असे.

घटनाक्रम

नाइसली यांनी २४ ऑक्टोबर १९९४ रोजी हा दोष कंपनीस कळविला. कंपनीच्या अभियंत्यांना तो त्याच वर्षी आधीच आढळला होता. परंतु तो जाहीर करण्यात आला नव्हता. समाधानकारक उत्तर न मिळाल्याने नाइसली यांनी ३० ऑक्टोबर रोजी काही परिचितांना ई-मेलद्वारे आपले निरीक्षण कळवून ते तपासून पाहण्याची विनंती केली. त्यांच्या पत्रात आरोप नव्हता. चाचणीची कृती होती. हे पत्र एकाकडून दुसऱ्याकडे जात प्रथम कॉम्प्युसर्व्ह या सेवेवर व नंतर युजनेट या जाळ्यावरील इंटेलविषयक चर्चागटात पोहोचले. नॉर्वेतील टेर्ये मथिसेन यांनी दोषाची पुष्टी केली. जर्मनीतून चुकीची उत्तरे देणाऱ्या संख्यांची यादी आली. कॅलिफोर्नियातील अभियंते टिम को यांनी केवळ चुकीच्या उत्तरांवरून चिपच्या अंतर्गत रचनेचा तर्क बांधला आणि अधिक मोठी चूक दाखविणारे उदाहरण शोधून काढले. ४१९५८३५ भागिले ३१४५७२७ याचे उत्तर १.३३३८२ असे हवे. सदोष चिपवर ते १.३३३७४ येई. म्हणजे दशांशचिन्हानंतरच्या चौथ्या स्थानीच फरक पडत होता.

७ नोव्हेंबर रोजी ‘इलेक्ट्रॉनिक इंजिनिअरिंग टाइम्स’ या व्यवसायपत्राने, त्याच महिन्याच्या उत्तरार्धात सीएनएन या दूरचित्रवाहिनीने आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने हे वृत्त दिले. कंपनीची भूमिका अशी होती की, यदृच्छेने घेतलेल्या ९ अब्ज भागाकारांपैकी एकात ही चूक संभवते आणि हिशेबाची सामान्य कामे करणाऱ्यास ती २७ हजार वर्षांत एकदा भेटेल. तेव्हा आपले काम खरोखरच अचूक गणनेचे आहे, असे जे ग्राहक पटवून देतील, त्यांनाच चिप बदलून मिळेल. २७ नोव्हेंबर रोजी ग्रोव्ह यांचे निवेदन चर्चागटात प्रसृत झाले. मात्र ते कंपनीतील दुसऱ्या अधिकाऱ्याच्या पत्त्यावरून आल्यामुळे त्याच्या अस्सलपणाविषयीच वाचकांनी शंका घेतली.

१२ डिसेंबर रोजी आयबीएमने पेंटियमयुक्त संगणकांची पाठवणी थांबविली. अधिक गणना करणाऱ्यास ही चूक दर २४ दिवसांनी संभवते, असे तिचे अनुमान होते. अखेर २० डिसेंबर रोजी इंटेलने दिलगिरी व्यक्त करून मागेल त्या ग्राहकास, कोणतेही कारण न विचारता, चिप बदलून देण्याचे घोषित केले. जानेवारी १९९५ मध्ये कंपनीने यापोटी ४७ कोटी ५० लाख डॉलर्सची तरतूद जाहीर केली.

व्यक्त झालेल्या मतांचे वर्गीकरण

या काळात व्यक्त झालेल्या मतांचे स्थूलमानाने तीन वर्ग करता येतात.

पहिला वर्ग पडताळणीचा. आपल्या संगणकावर अमुक भागाकार केला, अमुक उत्तर आले, अशा स्वरूपाची ही निवेदने होती. ज्याच्याकडे पेंटियम संगणक होता, त्याला हिशेबाच्या कोणत्याही साध्या आज्ञावलीत ती एक ओळ लिहून काही क्षणांत खरेखोटे करता येत होते. त्यासाठी गणितज्ञ असण्याची किंवा कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवण्याची गरज नव्हती.

दुसरा वर्ग उत्तरदायित्वाच्या युक्तिवादाचा. चूक किती वेळा होते यापेक्षा ती ज्ञात असूनही का सांगितली नाही, आणि ग्राहकाला किती अचूकता लागते हे उत्पादकाने का ठरवावे, असे प्रश्न यात विचारले गेले. भाग बदलून मिळण्यासाठी आपल्या कामाचे स्वरूप कंपनीपुढे मांडून पात्रता सिद्ध करावी लागणे, हे अनेकांना चिपमधील दोषापेक्षाही अधिक अपमानास्पद वाटले.

तिसरा वर्ग उपहासाचा. ४८६ मध्ये १०० मिळविले असता उत्तर ५८६ येईना, म्हणून कंपनीला चिपचे नाव पेंटियम ठेवावे लागले, या आशयाचे विनोद सर्वत्र पसरले. तांत्रिक तपशील न समजणाऱ्या वाचकांपर्यंत हे प्रकरण पोहोचविण्यात या विनोदांचा वाटा मोठा होता.

चिकित्सा

तथापि या प्रकरणाकडे दुबळ्या ग्राहकाने बलाढ्य कंपनीवर मिळविलेला विजय एवढ्याच दृष्टीने पाहणे एकांगी ठरेल. पहिली गोष्ट, कंपनीचे गणित सर्वस्वी खोटे नव्हते. पत्रलेखन वा घरगुती हिशेब करणाऱ्या बहुसंख्य ग्राहकांना या दोषाची झळ पोहोचण्याचा संभव नगण्य होता. बिनशर्त बदली जाहीर झाल्यावर घरगुती ग्राहकांपैकी फार थोड्यांनीच तिचा लाभ घेतला, यावरूनही हे दिसते. दुसरी गोष्ट, २७ हजार वर्षे आणि २४ दिवस या दोन अनुमानांतील प्रचंड तफावत गणनेतील चुकीमुळे नव्हे, तर गृहीतकांतील भेदामुळे होती. दिवसाकाठी किती भागाकार होतात आणि त्यांतील संख्या खरोखरच यादृच्छिक असतात काय, यावर ते उत्तर अवलंबून होते. तिसरी गोष्ट, आयबीएम ही तटस्थ पंच नव्हती. ॲपल व मोटोरोला यांच्यासह ती पॉवरपीसी ही प्रतिस्पर्धी चिप विकसित करीत होती. म्हणून तिच्या विधानाचे मूल्यमापन करताना हे हितसंबंध विचारात घ्यावे लागतात.

असे असूनही ग्राहकांचा पक्ष प्रबळ ठरला, कारण संभाव्यतेच्या युक्तिवादाने नैतिक प्रश्नाचे उत्तर मिळत नव्हते. भागाकार चुकतो, ही वस्तुस्थिती निर्विवाद होती आणि ती प्रत्येकाच्या टेबलावर सिद्ध होत होती. उल्लेखनीय बाब अशी की, टीकाकारांपैकी काहींनी केवळ टीका केली नाही. मॅथवर्क्स या संस्थेचे क्लीव्ह मोलर, टिम को व मथिसेन यांनी इंटेलच्याच तज्ज्ञांसह दोष टाळणारी पर्यायी आज्ञावली तयार केली. पुढील काळात चिपमधील ज्ञात दोषांच्या याद्या प्रसिद्ध करण्याची प्रथा कंपनीने स्वीकारली. रचनेची अचूकता गणिती पद्धतीने सिद्ध करण्याच्या अभ्यासशाखेलाही या प्रकरणातून चालना मिळाली.

भारतीय संदर्भ

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. तत्पूर्वी अशा जाळ्यांची सुविधा मुख्यतः एर्नेटशी जोडलेल्या शैक्षणिक व संशोधन संस्थांपुरती मर्यादित होती. त्यामुळे १९९४ च्या चर्चेत सामान्य मराठी ग्राहकाला स्थान असण्याचा संभव फारसा नव्हता. परंतु ग्राहकाचा आवाज ही कल्पना महाराष्ट्राला नवी नव्हती. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची स्थापना केली, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत अस्तित्वात आली आणि १९८६ मध्ये देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला. येथील ग्राहकाचे साधन संघटना व कायदा हे होते. १९९४ च्या अमेरिकी ग्राहकाचे साधन प्रत्येकाला करता येणारी चाचणी व तिचा जलद प्रसार हे होते. दोन्ही मार्गांत एक साम्य मात्र आहे : तक्रारीला पुराव्याची जोड असावी लागते.

आज साधन सर्वांच्या हाती आहे. पण पुराव्याची अट सैल झाली आहे. ज्याने वस्तू वापरली नाही तोही अभिप्राय देऊ शकतो आणि पैसे देऊन अभिप्राय लिहवूनही घेतले जातात. याच कारणास्तव भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये ग्राहकांच्या ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे ऐच्छिक मानक प्रसिद्ध केले. त्यात अभिप्राय कसे गोळा करावेत, तपासावेत व प्रसिद्ध करावेत, यांविषयीची तत्त्वे आहेत.

निष्कर्ष

१. पेंटियम प्रकरणात ग्राहकमत प्रभावी ठरले ते प्रामुख्याने त्याचा आधार कोणासही स्वतः तपासता येत असल्यामुळे. संख्याबळ व उपहास यांनी त्या मताचा प्रसार केला; त्याला प्रामाण्य मात्र पडताळणीने दिले.

२. वादाचा खरा विषय चिपमधील दोष हा नसून, पुरेशी अचूकता कोणती हे ठरविण्याचा अधिकार हा होता. २० डिसेंबर १९९४ रोजी तो अधिकार, निदान या एका बाबतीत, ग्राहकाकडे आला.

३. मत व्यक्त करण्यापूर्वी नाइसली यांनी चार महिने स्वतःच्याच कामातील चूक शोधण्यात घालविले. जाहीर मताची ही पूर्वअट त्यांनी कोणत्याही नियमामुळे नव्हे, तर आपल्या विषयाच्या शिस्तीमुळे पाळली. विद्यार्थ्यांना माहिती-तंत्रज्ञानाची साधने हाताळण्यास शिकविताना, आधी स्वतःला तपासण्याची ही शिस्तही त्यांना देणे हे महाविद्यालयीन अध्यापनाचे कार्य ठरते. प्रा. नाइसली २०१९ मध्ये निवर्तले. त्यांच्या त्या छोट्या पत्राचे महत्त्व मात्र आजच्या काळात अधिकच जाणवते.