फ्लिंटचे पाणी आणि बाटलीचा प्रश्न

२५ एप्रिल २०१४ रोजी अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या फ्लिंट शहराने नळाचे पाणी बदलले. तोवर डेट्रॉइटकडून ह्युरॉन सरोवराचे पाणी येत होते. आता फ्लिंट नदीचे सुरू झाले. कारण एकच, पैसे वाचवणे. शहर कर्जात होते आणि कारभार लोकांनी निवडलेल्या महापौराकडे नव्हे, राज्याने नेमलेल्या प्रशासकाकडे होता. सुमारे एक लाख वस्तीच्या या शहरात निम्म्याहून अधिक लोक कृष्णवर्णीय होते आणि गरिबी मोठी होती.

नदीचे पाणी पाईप गंजवणारे होते. गंज रोखण्यासाठी पाण्यात फॉस्फेट मिसळतात. फ्लिंटमध्ये ते मिसळलेच नाही. जुन्या घरांना जोडणाऱ्या शिशाच्या पाईपांतून शिसे पाण्यात उतरू लागले. इंजिनाचे भाग गंजतात म्हणून जनरल मोटर्सच्या कारखान्याने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हे पाणी नाकारले. लोकांना मात्र तेच प्यावे लागले.

तपासणी होत नव्हती का? होत होती. पण शिसे शुद्धीकरण केंद्रात सापडत नाही. ते मिसळते घराजवळच्या शेवटच्या काही फुटांत, रात्रभर पाईपमध्ये थांबलेल्या पाण्यात. म्हणून सकाळची पहिली धार बाटलीत घ्यायची असते. सरकारी सूचनेत मात्र आदल्या रात्री नळ काही मिनिटे सोडून ठेवायला सांगितले होते. म्हणजे पाईपमधले बरेचसे शिसे आधीच वाहून जाणार! २०१५ मध्ये मर्यादेपेक्षा जास्त शिसे असलेले दोन नमुनेही वगळले गेले आणि शहर कागदावर नियमात बसले.

ली-ॲन वॉल्टर्स या गृहिणीने हार मानली नाही. अमेरिकेत तेव्हा लिटरमागे १५ मायक्रोग्रॅम शिसे ही कारवाईची मर्यादा होती. तिच्या नळाच्या पाण्यात १०४ निघाले. व्हर्जिनिया टेकचे प्राध्यापक मार्क एडवर्ड्स यांनी तिच्याच घरातून पुन्हा नमुने घेतले, तेव्हा एका नमुन्यात १३ हजारांहून अधिक सापडले. मग नागरिकांनी घरोघरी तपासणीचे ३०० संच वाटले आणि अडीचशेहून अधिक भरून परत आले. प्रत्येक घरातून तीन बाटल्या घेतल्या: पहिली धार, ४५ सेकंदांनंतरची आणि दोन मिनिटांनंतरची. सप्टेंबरमध्ये बालरोगतज्ज्ञ मोना हॅना-अतिशा यांनी मुलांच्या रक्तातील वाढलेले शिसे जाहीर केले. राज्याने आधी ते झटकले, पण १६ ऑक्टोबर २०१५ रोजी डेट्रॉइटचे पाणी परत आले. तोवर दीड वर्ष गेले होते, आणि मुलांच्या मेंदूवर होणारा शिशाचा परिणाम पुसता येत नाही.

हा इतिहास आपल्यालाही लागू पडतो. भारतीय मानकात शिशाची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे. फिल्टर विकायला येणारे लोक दाखवतात तो टीडीएस मीटर पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. इतके थोडे शिसे त्याला कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच हवी. आणि अहवाल हाती आला की आकड्याआधी एक प्रश्न विचारावा: बाटली कुठल्या नळावर भरली, आणि किती वाजता?