एअर रायफलचे कॅलिबर बदलणे

एअर रायफलचे कॅलिबर बदलणे : हवेच्या दाबाने छर्रा फेकणाऱ्या रायफलची मूळची नळी काढून वेगळ्या आतल्या व्यासाची नळी बसवणे आणि तिला जुळतील असे बाकीचे भाग बदलणे. व्याख्येचा पहिला भाग सगळ्यांच्या ध्यानात राहतो, दुसरा विसरला जातो. घरच्या टेबलावर केलेले असे बहुतेक प्रयत्न फसतात ते या विसरलेल्या भागामुळेच. कॅलिबर म्हणजे नुसती नळीची रुंदी नसते. छर्ऱ्याचे वजन, सिलिंडरमधली हवा, स्प्रिंगची ताकद, खाचांचा पीळ आणि भारतात तर कायद्यातला प्रवर्गही त्या एका आकड्याला बांधलेला असतो.

प्रचलित कॅलिबर चार आहेत : .177 इंच (4.5 मिमी), .20 (5 मिमी), .22 (5.5 मिमी) आणि .25 (6.35 मिमी). यांपैकी पहिले आणि तिसरे जगभर चालतात. .20 हे मुख्यतः अमेरिकेतल्या शेरिडन कंपनीने 1947 पासून रुळवले. याहून मोठी कॅलिबरही बनतात, पण ती वेगळ्या जातीच्या, फार मोठ्या दाबाच्या बंदुकांसाठी असतात. आपल्याकडे ‘पॉइंट टू टू’ म्हटले की अनेकांना एनसीसीच्या कॅम्पमधली रायफल आठवते. ती वेगळी. तिच्यात दारू भरलेले काडतूस असते आणि तिच्या गोळीचा व्यास सुमारे 5.6 मिमी असतो. एअर रायफलच्या .22 मध्ये दारू नसते, नुसता शिशाचा छर्रा असतो. नाव एक असले तरी दोन्हींचा दारूगोळा एकमेकांत चालत नाही.

छर्रा तळहातावर घेऊन पाहिला तर कॅलिबरचे मर्म लवकर कळते. तो गोल नसतो. त्याचा आकार डमरूसारखा असतो : पुढे डोके, मध्ये बारीक कंबर आणि मागे पोकळ, पातळ घेर. चाप ओढल्यावर मागून येणारी हवा या घेराला आतून फुगवते आणि तो नळीच्या भिंतीला घट्ट चिकटतो, म्हणजे हवा निसटत नाही. नळीतल्या पिळाच्या खाचा मऊ शिशात रुततात, छर्रा स्वतःभोवती फिरू लागतो आणि सरळ जातो. स्पर्धेच्या छर्ऱ्याचे डोके सपाट असते. कागदावर त्याचे भोक पंचिंग मशीनने पाडल्यासारखे स्वच्छ पडते, म्हणून गुण मोजणे सोपे जाते. चांगल्या कंपन्यांच्या डब्यांवर डोक्याचा व्यास 4.49, 4.50, 4.51 असा छापलेला असतो. हा फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्याही लहानशा अंशाएवढा. तरीही नेमबाज रायफल शिकंज्यात पकडून एकेका बॅचचे छर्रे झाडून पाहतात आणि आपल्या नळीला रुचणारी बॅच निवडतात. एवढ्या बारकाईच्या कामात घरी ड्रिलने नळी रुंद करण्याची कल्पना किती तग धरेल, हे इथेच दिसते.

हवेची बंदूक हा खेळण्यातून निघालेला प्रकार नाही. ऑस्ट्रियाच्या सैन्याने 1780 च्या सुमारास जिरार्डोनी नावाची हवेवर चालणारी रायफल वापरली. तिची गोळी सुमारे 11.5 मिमीची होती आणि हवा दस्त्यातल्या लोखंडी टाकीत भरलेली असे. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीच्या एअर रायफली घरोघरी पोहोचल्या. .177 आणि .22 ही जोडी मग प्रमाण झाली. आपल्या जत्रांतून फुगे फोडण्यासाठी जी बंदूक हातात देतात, ती नळी मधून मोडून भरायची स्प्रिंगची बंदूक याच घराण्यातली आहे.

आता कॅलिबर बदलल्यावर आत काय होते ते पाहू, कारण सगळा विषय इथे आहे.

स्प्रिंगच्या रायफलमध्ये नळी मोडून खाली ओढताना स्प्रिंग दाबली जाते. चाप ओढला की ती सुटते, दट्ट्याला पुढे ढकलते, दट्ट्यासमोरची हवा एका बारीक भोकातून छर्ऱ्यामागे घुसते. सिलिंडरमधली हवा ठरलेली, तिच्यात भर घालता येत नाही. .177 ची नळी काढून .22 ची लावली की नळीच्या छेदाचे क्षेत्रफळ जवळजवळ दीडपट होते. छर्राही सुमारे 0.54 ग्रॅमचा असतो, तो 0.94 ग्रॅमचा होतो. दाब तोच असला तरी तो मोठ्या क्षेत्रफळावर काम करतो. छर्रा जड झाल्यामुळे वेग कमी होतो, पण छर्ऱ्याबरोबर जाणारी ऊर्जा सहसा कमी न होता थोडी वाढते. उदाहरण घ्या. 0.54 ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 230 मीटरने निघाला तर ऊर्जा सुमारे 14 जूल होते. तेवढीच ऊर्जा 0.94 ग्रॅमच्या छर्ऱ्यात सुमारे 174 मीटर वेगाने येते. म्हणूनच .177 चा मार्ग सपाट असतो आणि .22 चा लवकर खाली झुकतो.

दट्ट्या आणि छर्रा यांचे नातेही जुळावे लागते. छर्रा फार जड असला तर दट्ट्यासमोर दाब साठतो आणि दट्ट्या उसळून मागे येतो. फार हलका असला किंवा नळीत ढिला बसला तर दट्ट्यासमोर हवेची उशीच राहत नाही. मग तो सिलिंडरच्या टोकावर जाऊन आदळतो. रिकामी रायफल झाडल्यावर जो खणखणीत, कानाला टोचणारा आवाज येतो तोच इथे येतो, आणि स्प्रिंग व सील दोन्हींचे आयुष्य संपवतो. .22 च्या नळीत चुकून .177 चा छर्रा टाकला तर तो थेट घरंगळत खाली जातो. घरी नळी बदलली, पण नळीवर कोरलेला जुना आकडा तसाच राहिला, आणि नंतर रायफल दुसऱ्याच्या हातात गेली, तर नेमके हेच घडू शकते.

आधीच भरलेल्या हवेवर चालणाऱ्या, पीसीपी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रायफलींत गणित निराळे असते. तिथे 200 ते 300 बार दाबाची टाकी असते. व्हॉल्व्ह किती वेळ उघडा राहतो, हातोडीची स्प्रिंग किती जोराची आहे आणि रेग्युलेटर किती दाबावर ठेवला आहे, यावर सगळे ठरते. मोठ्या कॅलिबरला जास्त हवा लागते, म्हणून एका भरणीत झाडता येणाऱ्या छर्ऱ्यांची संख्या कमी होते. बोल्टचा पुढचा खिळा, मॅगझिन, ओ-रिंग आणि नळी हे सगळे एकाच मापाचे लागतात. दाब असताना अशी टाकी उघडणे हा जिवाशी खेळ आहे. मोटारीच्या टायरमध्ये दोन-अडीच बार दाब असतो, हे लक्षात घेतले तर टाकीतल्या दाबाची कल्पना येईल.

कॅलिबर बदलता यावे अशीच रचना करणाऱ्या कंपन्याही आहेत. स्वीडनच्या एफएक्सच्या इम्पॅक्ट रायफलमध्ये नळी, बोल्टचा खिळा आणि मॅगझिन बदलून कॅलिबर बदलता येते. अमेरिकेत बीमनने एकाच रायफलबरोबर .177 आणि .22 अशा दोन नळ्या दिल्या. क्रॉसमनच्या काही पिस्तुलांचे सुटे भाग एकमेकांत बसतात, म्हणून तिथल्या हौशी लोकांचा त्यांच्यावर जीव. अमेरिकेच्या संघीय कायद्यात एअर रायफल अग्निशस्त्र मानली जात नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये एअर रायफलची विनापरवाना मर्यादा 12 फूट-पाउंड, म्हणजे सुमारे 16 जूल आहे. जर्मनीत ती 7.5 जूल असून अशा बंदुकीवर पंचकोनात ‘एफ’ हे अक्षर कोरलेले असते. अशा देशांत कारखान्याची तयार नळी बसवणे हा बदलाचा सर्वांत नीट मार्ग. रुंद नळीत बारीक नळीची पोकळ सळई चिकटवणे ही दुसरी पद्धत. ती कुशल गनस्मिथकडेच साधते, कारण सळई अगदी मध्यात आणि सरळ बसावी लागते. तिसरी पद्धत नळी ड्रिलने मोठी करण्याची, आणि ती पद्धत म्हणण्याच्या लायकीची नाही. त्यात पिळाच्या खाचाच जातात. उरते ते खडबडीत, किंचित तिरपे भोक. त्यातून निघालेला छर्रा फिरत नाही, हवेत लटपटतो आणि दहा मीटरवरही कुठे जाईल याचा भरवसा नसतो.

भारतात हा प्रश्न आधी कायद्याचा आहे, मग तंत्राचा. शस्त्र कायदा, 1959 मध्ये अग्निशस्त्राची व्याख्या स्फोटकांपुरती मर्यादित नाही; ‘ऊर्जेच्या इतर रूपांनी’ गोळी फेकणारे शस्त्रही तीत येते. शस्त्र नियम, 2016 नुसार 4.5 मिमीपेक्षा रुंद नळी असलेल्या, किंवा नळीच्या तोंडाशी 20 जूलपेक्षा जास्त ऊर्जा देणाऱ्या एअर रायफलला परवाना लागतो. म्हणजे .177 ची रायफल .22 केली की ऊर्जा 20 जूलच्या आत असली तरी ती परवान्याच्या प्रवर्गात जाते. कायद्याच्या कलम 5 नुसार अग्निशस्त्राचे रूपांतर किंवा दुरुस्ती विनापरवाना करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीने कलम 6 मध्ये एका प्रवर्गाचे अग्निशस्त्र दुसऱ्या प्रवर्गात बदलण्यावरही हीच बंदी आली. त्यामुळे ‘नळीच तर बदलली’ हे म्हणणे आपल्याकडे चालत नाही. कबुतर, ससा किंवा कुठलाही वन्य पक्षी-प्राणी मारण्यासाठी बंदूक मोठी करण्याचा विचार असेल, तर त्यापुढे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा उभा आहे. अरुणाचल प्रदेशात 2021 मध्ये एअरगन स्वेच्छेने शासनाकडे जमा करण्याची मोहीम सुरू झाली आणि तिथल्या गावकऱ्यांनी मोठ्या संख्येने बंदुका स्वाधीन केल्या. जंगलातल्या पक्ष्यांच्या दृष्टीने त्या छोट्या छर्ऱ्याचे मोल त्यांना कळले होते.

महाराष्ट्राच्या वाचकाला हा विषय जवळचा वाटावा याचे कारण दुसरेच आहे. ऑलिम्पिकमध्ये 1984 पासून खेळला जाणारा दहा मीटर एअर रायफल हा प्रकार पूर्णपणे 4.5 मिमीवर चालतो, आणि या राज्याने त्यात खूप काही दिले. अंजली भागवत 2000 मध्ये सिडनीत आणि सुमा शिरूर 2004 मध्ये अथेन्समध्ये अंतिम फेरीत पोहोचल्या. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने 2022 मध्ये कैरोत जगज्जेतेपद मिळवले. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत आणि स्वप्निल कुसाळे यांची मोठी यशे मात्र पन्नास मीटरच्या काडतुसी रायफलची. हा फरक सांगताना गल्लत होते, म्हणून नोंदवला. स्पर्धेच्या एअर रायफलचे वजन जास्तीत जास्त 5.5 किलो असते आणि छर्रा सेकंदाला सुमारे 170 मीटरने निघतो, म्हणजे ऊर्जा फक्त साडेसात जूलच्या आसपास. लक्ष्याचा दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर व्यासाचा, छापील पूर्णविरामाएवढा. भोकाची कड ज्या वर्तुळाला स्पर्श करते त्याचे गुण मिळतात. भोक 4.5 ऐवजी 5.5 मिमीचे पडले तर प्रत्येक बाजूला अर्धा मिलिमीटर फुकट मिळेल, आणि या लक्ष्यावर अर्धा मिलिमीटर म्हणजे दोन दशांश गुण. अंतिम फेऱ्यांचे निकाल दशांशांवर लागतात. म्हणून सगळ्यांना एकच कॅलिबर. ज्यांना नेमबाजी शिकायची आहे त्यांच्यासाठी मोठ्या कॅलिबरमध्ये काहीही जास्तीचे ठेवलेले नाही. जिल्ह्यातल्या रायफल क्लबमध्ये नाव घालावे, तिथल्या .177 ने जगज्जेते घडले आहेत.

कोणाच्या घरी माळ्यावर किंवा कपाटात जुनी एअर रायफल असेल तर आधी नळीवर कोरलेला आकडा वाचावा. .22 किंवा 5.5 दिसले, तर ती तशीच बाजूला ठेवून पोलिस ठाण्यात परवान्याची चौकशी करावी. .177 किंवा 4.5 दिसले, तर नळीला हात लावू नये.