बाहुलीचे केस

बाहुलीचे केस : बाहुलीच्या मस्तकावर कोरलेले, रंगविलेले, चिकटविलेले अथवा ओवलेले केस. हा बाहुलीचा बहुधा सर्वांत आधी खराब होणारा भाग होय. केस कोणत्या पद्धतीने बसविले आहेत, यावर ते बदलता येणे आणि पर्यायाने बाहुली पुढील पिढीच्या हाती जाणे पुष्कळसे अवलंबून असते.

सोलापूरच्या शेजारील धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे सातवाहनकालीन लहान स्त्रीमूर्ती सापडल्या आहेत. केओलिन मातीच्या मूर्तींची केशरचना साच्यातून काढलेली, तर हस्तिदंती मूर्तीची कोरलेली आहे. सावंतवाडीकडील लाकडी ‘ठकी’चे केस काळ्या रंगाचे असतात. अशा केसांना फार तर नवा रंग देता येतो. चिंध्यांच्या बाहुलीचे तसे नाही. तिचे केस काळ्या दोऱ्याचे वा लोकरीचे असल्याने ते उसवले, की घरातच नवे शिवता येतात. सोलापुरात १८७७ मध्ये पहिली कापडगिरणी सुरू झाली. गिरण्या व हातमाग यांच्या या शहरात सूत आणि चिंध्या ही सामग्री सहज हाताशी होती. भातुकलीतील बाहुलीची डागडुजी हा घरच्या शिवणकामाचाच एक भाग असे.

यूरोपात एकोणिसाव्या शतकात चिनी मातीच्या बाहुल्यांना अंगोरा बकरीच्या लोकरीचे किंवा मानवी केसांचे टोप चिकटवीत. हे टोप बदलणे सोपे होते. इंग्लंडमधील मेणाच्या उत्तम बाहुल्यांत मात्र तापविलेल्या सुईने केस मस्तकातच रोवीत. १९५९ मध्ये अमेरिकेतील मॅटेल कंपनीने बार्बी ही बाहुली विक्रीस आणली. तिचे सारान या कृत्रिम तंतूचे केस मऊ व्हिनिल प्लॅस्टिकच्या मस्तकात यंत्राने ओवलेले होते. फॅशन-बाहुल्यांत ही पद्धत रूढ झाली.

या बाहुलीचे केस गुंतले वा तुटले, की ती निकामी झाली असे मानून टाकून दिली जाते. वस्तुतः तिचे केस म्हणजेही एक शिवणच होय. मस्तक गरम पाण्यात मऊ करून मानेवरून काढतात. जुने केस कापून त्यांची मुळे चिमट्याने आतून ओढून घेतात. मस्तक धुऊन वाळविल्यावर नायलॉन वा सारानच्या बारीक बटा सुईने जुन्याच छिद्रांतून ओवतात आणि आतील बाजूस गाठ मारून किंवा गोंद लावून पक्क्या करतात. भांगाच्या रेषेवर बटा दाट घेतात. शेवटी केस गुंडाळून त्यांवर गरम व नंतर थंड पाणी ओतले, की वळण टिकते. अतितापाने तंतू वितळतात, तर काही गोंद कालांतराने पाझरून केस चिकट करतात.

जुन्या बाहुलीबाबत मात्र विवेक आवश्यक असतो. तंतूचा प्रकार, छिद्रांची मांडणी व मूळ केशरचना हे तिच्या काळाचे पुरावे होत. ते एकदा काढले, की पूर्ववत करता येत नाहीत. म्हणून संग्राह्य बाहुलीचे मूळ केस शक्यतो राखावेत. ते बदललेच, तर तशी नोंद ठेवून काढलेले केस जपावेत. खेळातल्या बाहुलीला हा नियम लागू नाही. चिंध्यांच्या बाहुलीप्रमाणे तिलाही नवे केस मिळाले, तर तिचे आयुष्य वाढते.